पिकलेला अंगठा

त्र्याहत्तरच्या दुष्काळात भांडगावजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. मजुरांच्या पोरांना एक मंडळ रोज दुपारी मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी आणि डाळ द्यायचं. रांधायला आम्ही सहा बायका, सगळ्या बिनपगारी. दौंडच्या एका दवाखान्यात मी आयाचं काम केलेलं, म्हणून नियम मी घातले. साबणानं हात धुवायचे, उरलेलं दुसऱ्या दिवशी वाढायचं नाही, आणि जुलाब लागलेल्या किंवा हाताला जखम असलेल्या बाईनं पिठाला हात लावायचा नाही.

मी सिंधूबाई, बौद्धवाड्यातली. सिंधूबाईनं थापलेली भाकरी चालेल का, यावर चावडीत दोन दिवस काथ्याकूट झाला. मंडळानं ठणकावलं तेव्हा कुठं मला परातीपुढं जागा मिळाली. ती मी सुखासुखी सोडणार नव्हते.

एके दिवशी आमच्या सहा जणींतलीच एक, सर्जेराव पाटलांची आई साळूबाई, बोटाला हळदीची चिंधी बांधून आली. मिलोचं पीठ चिवट, तळहाताचा जोर लावून मळावं लागतं. चिंधी त्यातच फिरणार. मी ती सोडायला लावली. आत पू झाला होता.

"हळद लावलीया की," ती म्हणाली.

"हळदीनं तुमचं बोट बरं व्हईल, पाटलीणबाई. पोरांच्या पोटाचं काय? चार दिस नुसती लाकडं सारा."

ती तरातरा निघून गेली. संध्याकाळी सर्जेरावांनी मला वाटेत गाठलं. "आमच्या आईला चुलीवरनं उठवलंस. ध्यानात ठीव."

आठवडाही गेला नाही, तोच माझ्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला. दोन दिवसांत अंगठा पिकला. पिठात हात घातला की काही दिसलं नसतं. खरं सांगते, मी घालणारच होते. एकदा उठले तर पुन्हा कोण बसू देणार? मग समोर थाळ्या घेऊन बसलेली पोरं दिसली. हाडं नुसती. एका जुलाबात आटोपली असती. माझीच मला लाज वाटली.

मी उठले आणि सगळ्यांना अंगठा दाखवला. "माझा हात पिकलाय. मी लाकडं सारते."

सर्जेराव पाण्याच्या टँकरपाशी उभे होते. "आपसूक उठली. आता बसू नगंस परत."

"हात बरा झाला की बसणार," मी म्हटलं. मग चुलीमागं बसून रडले. डोळे धुरानं चुरचुरतायत असं बायकांना सांगितलं.

मी लाकडं सारतेय हे ऐकून तिसऱ्या दिवशी साळूबाई परत आली. तिचं बोट भरलं होतं. ती माझ्याच जागेवर बसली आणि मळायला लागली.

सहाव्या दिवशी मी परातीपाशी जाऊन उभी राहिले. साळूबाईनं वर पाहिलं. "दाव."

मी लांबूनच हात पुढं केला. तिनं तो ओढून आपल्या हातात घेतला, उलटापालटा केला, अंगठा दाबून पाहिला. पाटलांच्या घरातलं कुणी जन्मात पहिल्यांदा मला शिवलं होतं.

"दुखतंय?"

"न्हाई."

"मग साबणानं धू आन् बस," ती सरकत म्हणाली. "पोरं खोळंबल्यात."