हात कोणाचा?

अपूर्वाचं डोकं सकाळीच फिरलं होतं. बाबा येणारेत, गमबूट नकोत, नीट ड्रेस घाल, असं होणाऱ्या नवऱ्याने, सुबोधने, फोनवर तीनदा बजावलं होतं. आता मुलुंडच्या त्या बिअर बनवायच्या गाळ्यात, ओल्या फरशीवर, टाक्यांमधून दिवसभर वावरणाऱ्या पोरीने काय पैठणी नेसावी? ती गमबूट घालूनच गेली.

त्या रविवारी दुपारी मालकाने ओळखीच्या पंधरा-वीस जणांना नवी बिअर चाखायला बोलावलं होतं. काळीकुट्ट, बारा टक्क्यांची, बाजारातल्या स्ट्राँगचाही बाप. विकायची नव्हतीच, नुसती हौस. पण ती हौस अपूर्वाची होती. गूळ किती, टाकी किती थंड ठेवायची, सगळं तिने स्वतःच्या जिभेवर ठरवलं होतं, दहा महिने खपून. लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. होणाऱ्या सासऱ्यांनी आपलं काम एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच तिला हवं होतं.

सुबोधचे बाबा, दशरथकाका, म्हणजे जन्मभर परमिट रूममध्ये बसलेला माणूस. तिने लहान ग्लासात थोडीशी ओतून दिली आणि हळूहळू घ्या म्हणून सांगितलं. काकांनी खाऱ्या शेंगदाण्यांच्या बशीतलं मीठ चिमटीत धरलं आणि सरळ ग्लासात सोडलं. परमिट रूमची सवय, दुसरं काय! फेस भसाभस वर आला, टेबलावर सांडला, आणि उरलेली बिअर त्यांनी एका दमात पोटात ढकलली. दहा महिने मेहनत आणि वर मीठ! अपूर्वाचं मस्तक तापलं, पण म्हाताऱ्याला काय बोलणार? तिने दुसरा ग्लास दिला. त्याचीही तीच गत.

तिसऱ्याला मात्र काकांनी मीठ घातलं नाही. घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले, आणि खुशीत येऊन ते मालवणीवर उतरले.

"झकास! कोणी बनयल्यान ही? हात कोणाचो? माका भेटव त्याका."

अपूर्वा तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांच्या शेजारी उभा असलेला सुबोध बोलला. "चंद्रप्रकाश म्हणून एक साहेब आहेत, बाबा. आज आले नाहीत. अपूर्वा ऑफिसचं बघते."

साहेब म्हणे! चंद्रप्रकाश गाळ्याचा टेम्पो चालवायचा. दारूच्या थेंबालाही न शिवणारा भला माणूस. घाईघाईत सुबोधला तेवढंच नाव सुचलं असणार.

तिने सुबोधला दंडाला धरून टाक्यांमागे नेलं. तो कुजबुजायला लागला. यार, समजून घे ना, पोरगी दारू गाळते म्हटलं तर नातेवाइकांत वाट लागेल, लग्नापुरतं चालवून घे, मग हळूहळू सांगू. मग म्हणजे कधी, तिने विचारलं. बघू ना, तो म्हणाला. आणि हाच सुबोध प्रत्येक नव्या बॅचचा पहिला ग्लास हक्काने मागायचा! तिच्या अंगाची लाही लाही झाली.

ती तरातरा टेबलाशी परतली. "काका, ही मी बनवली. चंद्रप्रकाश टेम्पो चालवतो."

काकांनी ग्लास खाली ठेवला.

"चांगल्या घरातल्या चेडवाचा ह्या काम न्हय," ते म्हणाले. "लगीन झाला काय सोडून दी."

आणि ग्लास पुन्हा उचलून तळापर्यंत रिकामा केला.

चांगल्या घरातली पोर म्हणे! तिला त्यांचा सणकून राग आला. पण निदान म्हातारा तोंडावर बोलला होता, आणि आवडली तेव्हा आवडली म्हणाला होता. मागोमाग आलेला सुबोध शेजारी उभा राहून मोबाइल चाळत होता.

"काम सुटणार नाही, काका," ती म्हणाली. "लग्न सुटेल."

सुबोधने मान वर केली. सीन नको करूस, सगळे बघतायत, एवढंच तो म्हणाला.

"बघू देत. घरी काय सांगायचं ते तू ठरव. खोटं तुला पटकन सुचतं."

काकांनी सवयीने रिकामा ग्लास पुढे केला होता. तिने तो घेतला आणि धुवायच्या टबात टाकला.