उलटं ओढून बघितलं का

वृषाली सकाळपासून सतरांदा उठली, सतरांदा बसली. अंगणात कांदे निवडणाऱ्या ठकूबाईला ते बघवेना. पुण्याच्या प्रयोगशाळेतली नात दोन दिवसांसाठी निमगाव साव्याला आली, आणि जीव सगळा मोबाइलात.

"मुंग्या चावल्यात का गं? बस की एका जागी."

"आजी, आज चारला सर आमचा लेख छापायला पाठवणार. माझं नाव पहिलं आहे."

"मग तोंड का उतरलंय?"

वृषालीनं सांगितलं. विजेचे कण, इलेक्ट्रॉन. प्रत्येक म्हणजे एक बारकं लोहचुंबक. दाटीत एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. तिनं ते बर्फाहून कितीतरी गार जागी अगदी विरळ केले, आणि सगळ्यांची तोंडं एका बाजूला झाली. "कुणी न वळवता. आपसूक!"

ठकूबाई फिसकन हसली. "आपसूक? माझ्या तिन्ही सुना माना हलवतात, त्या आपसूक व्हय? मी हितं बसलेय म्हनून. सकाळी म्हनलं ज्वारी पेरू, तिघी हो. दुपारी म्हनलं बाजरी, तरी तिघी हो! सोताचं मत असतं तर एखादी ज्वारीला धरून बसली असती."

ओट्यावर मधली सून साधना तोंडाला पदर लावून खुदखुदली. वृषाली हसली नाही.

"शेजारी विजेवर चालणारं मोठं चुंबक असतं. पण ते बंद केलं होतं."

"मी लेण्याद्रीला गेले तरी माझा धाक घरात उरतोच की."

नात जागीच थिजली. बंद चुंबकातही किंचित जोर मागं राहतो, आणि विरळ कणांना तेवढा इशारा पुरतो, हे तिला ठाऊक होतं. चुंबकानं कणांना हलकंसं उलटं ओढून, ते लगेच तोंड फिरवतात का, हे बघायचं राहिलं होतं. राहिलं कसलं, तिनं टाळलं होतं.

तिनं फोन लावला. "सर, लेख पाठवू नका."

पलीकडून आवाज चढला. ठकूबाईला शब्द कळले नाहीत, नातीची मान खाली जाताना दिसली. कशाला जीभ चालवली आपण, असं तिला आयुष्यात क्वचितच वाटलं होतं.

"तीन आठवडे लागतील, सर. तोवर दुसऱ्यांनी छापलं तर छापू देत."

वृषालीनं पिशवी भरली. "उलटं ओढल्यावर कण लगेच फिरले, तर दोन वर्षं पाण्यात गेली, आजी."

ठकूबाईनं चपला पायात सरकवल्या आणि नातीच्या आधी रस्त्याकडं निघाली.

"चल लवकर. दोनची एसटी थांबवते मी."