एक मिनिट अठ्ठावन्न

"सर, नंबर सरळ लागलाय का बघा ना जरा. मला कधीपासून तिरकाच दिसतोय."

सरस्वतीनं मुलीच्या पाठीवरचा सत्तेचाळीस नंबरचा कागद चौथ्यांदा काढून पुन्हा लावला आणि ती गुरुदत्त सरांकडे बघत राहिली. नंबर सरळच होता. सरांना मात्र तो बघवत नव्हता.

"ठीक आहे," ते कसंबसं म्हणाले.

उल्हासनगरच्या त्या मैदानावर सकाळी साडेसातलाच जत्रा भरली होती. सरकारी निवासी क्रीडा शाळेसाठी जिल्ह्यातल्या मुली निवडायच्या होत्या. सहाशे मीटर, म्हणजे चुन्याच्या रेघेला धरून तीन फेऱ्या. जी निवडली जाईल तिचं राहणं, जेवण, शिक्षण सगळं दहावीपर्यंत सरकारकडून. अर्ध्या तासात मैत्रेयीची पाळी होती. अंबरनाथच्या एका साध्या मराठी शाळेतली सातवीची मुलगी. आणि ही मुलगी आयुष्यात कधी सहाशे मीटर धावलेली नाही, हे अख्ख्या मैदानावर दोघांनाच ठाऊक होतं. एक ती स्वतः आणि दुसरे तिचे पीटीचे सर.

मग तिचं एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांचं टायमिंग आलं कुठून? सरांच्या डोक्यातून आलं, दुसरं कुठून येणार!

त्याचं असं झालं. दरवर्षी शाळेतल्या प्रत्येक पोराची शारीरिक चाचणी घेऊन ती सरकारी ॲपवर भरावी लागे. उंची, वजन, किती वाकतो, सहाशे मीटर किती वेळात धावतो. पोरं सहाशे बारा आणि मास्तर एक. मैदान म्हणाल तर ते आठ वर्षांपूर्वीच गेलं. संस्थेनं तिथं इंग्रजी माध्यमाची इमारत उठवली. उरलं ते फरशीचं अंगण, त्यात पाण्याची टाकी आणि बायांच्या स्कूटर. पीटीचा तास गणिताच्या बाई हक्कानं मागून नेत. गुरुदत्त सर खिचडीची पोती उतरवून घेत, नाहीतर मतदार याद्या घेऊन दारोदार फिरत. एके काळी ह्याच माणसाची खो-खोची टीम तालुक्यात कुणाला हार जात नव्हती, असं सांगितलं तर आजची पोरं फिदीफिदी हसली असती.

तर शेवटच्या तारखेच्या दुपारी स्टाफरूममध्ये बसून सर सगळे आकडे मनानंच टाकत. त्यांची एक पद्धत होती आणि खरं सांगायचं तर त्या पद्धतीचा त्यांना थोडा अभिमानसुद्धा होता. ते पत्ता बघत. शिरगावच्या टॉवरमधून व्हॅननं येणारं पोर असलं की साडेतीन मिनिटं. बसून बसून फुगलेली पोरं ती, ती कसली धावतात! आणि पत्ता एमआयडीसीमागच्या वस्तीतला असला की अडीच, कधी सव्वादोन. काटक पोरं, दिवसभर हुंदडतच असणार. मध्येच एखादा आकडा जरा चमकदार टाकायचा, म्हणजे यादी खरी वाटते. ह्या वर्षी तो चमकदार आकडा मैत्रेयीच्या नावापुढे पडला.

फेब्रुवारीत त्याच आकड्यावरून निवड चाचणीचं पत्र आलं. मुख्याध्यापिका तेजल मॅडमनी प्रार्थनेच्या वेळी मुलीला पुढे बोलावलं आणि सगळ्या शाळेला टाळ्या वाजवायला लावल्या. "ह्याच्या पाठीमागे आपल्या सरांची मेहनत आहे," त्या म्हणाल्या. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. खोटे आकडे भरले म्हणून चौकशी लागली तर पेन्शन अडकून पडणार.

तरी खरं सांगून टाकायला ते मैत्रेयीच्या घरी गेले होते, नाही असं नाही. दहा बाय दहाची खोली. बाप राजरत्न रात्रपाळी करून भिंतीकडे तोंड करून झोपलेला. त्याची झोपमोड नको म्हणून मुलगी चूप मांडी घालून बसलेली. समोर उल्हासनगरच्या कारखान्यातून आलेला जीन्सचा ढीग आणि हातात छोटी कात्री. शिलाईचे लोंबणारे धागे कापायचे, पँट उलटायची, पुढची घ्यायची. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती अशीच बसते, हे सरांना त्या दिवशी कळलं. पाणी द्यायला उठली तर पायाला मुंग्या आलेल्या, भिंत धरून उभी राहिली.

"सर, तिकडे हॉस्टेलला हिला हे काम नसेल ना?" सरस्वतीनं हळूच विचारलं होतं. "नुसतं पळायचं आणि शिकायचं?"

सर चहा पिऊन परत आले. खरं सांगायचं राहूनच गेलं.

"चौथा गट! एक्केचाळीस ते पन्नास, चला इकडे!" चाचणी घेणारे बबनराव टेबलावरून ओरडले.

शेजारी सेहेचाळीस नंबरची किर्ती नावाची मुलगी पाय ताणत होती. खिळ्यांचे बूट, स्वतःचा कोच, आणि पाण्याची बाटली धरून उभे असलेले वडील. "आमच्या शिरगावच्या कॉम्प्लेक्समध्ये ट्रॅकच आहे ना," ते कुणाला तरी सांगत होते. "डेली पाच किलोमीटर. सॅटर्डे-संडेला स्विमिंग." असल्या पोरींना सर साडेतीन मिनिटं टाकत आले होते! मैत्रेयीच्या पायांत शाळेचेच कॅनव्हासचे बूट होते, खडू घासून पांढरे केलेले.

सर लगबगीनं टेबलाशी गेले. "बबनराव, सत्तेचाळीसचं नाव काढा. ताप आहे तिला."

बबनरावांनी चष्म्यावरून बघितलं. दोघांची ओळख खो-खोच्या दिवसांपासूनची. "एक अठ्ठावन्नवाली? अहो, आज सगळ्यांची नजर तिच्यावरच आहे! ताप असेल तर डॉक्टर बसलेत तिकडे, दाखवा की."

डॉक्टरांनी हात लावला असता तर एका मिनिटात खोटं उघडं पडलं असतं. सर तसेच मागे फिरले. सरस्वती बाटली भरायला नळाकडे गेली होती. ती यायच्या आत त्यांनी मुलीला गाठलं.

"मैत्रेयी, पोटात दुखतंय म्हणून सांग. नाही पळालीस तरी काही बिघडत नाही. पुढचं मी बघतो."

मुलीनं त्यांच्याकडे सरळ बघितलं. "सर, मला माहितीये. आपली टेस्ट झालीच नव्हती. मी कधीच नाय पळाले." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "पण मला वाटलं, सरांनी लिहिलंय म्हणजे त्यांना काहीतरी दिसलं असेल माझ्यात. तुम्ही पीटीचे सर आहात ना."

ह्यापेक्षा ह्या पोरीनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. लाज वाटली, अगदी कानांच्या पाळ्या तापेपर्यंत लाज वाटली. सरस्वती बाटली घेऊन येतच होती. ती आली आणि सर थांबले नाहीत.

"नाही गं बाळा, मला काही दिसलं नव्हतं. मी तुला बघितलंच नव्हतं. ताई, तो आकडा खोटा आहे. मी मनानं टाकला. पत्ता बघून."

"पत्ता बघून म्हणजे?"

"म्हणजे... वस्तीतली मुलं पळणारी असतात, असं मी धरून चाललो."

सरस्वती ओरडली नाही. ओरडली असती तर सरांना सोपं गेलं असतं.

"म्हणजे आमची पोरं रस्त्यावर सोडलेली असतात, असंच ना सर? अहो, आतून कडी लावून बसायचं, असं रोज बजावून जाते मी कामाला. गल्लीतनं टेम्पो काय, टँकर काय, दारू पिऊन पडलेले काय. मुलगी आहे, कुठे सोडू तिला? तीन वर्षं झाली, शाळेशिवाय पोर गल्लीतल्या नळाच्या पुढे गेली नाही. तुम्ही घरी आलात, सगळं डोळ्यांनी बघितलंत, चहा प्यायलात. तेव्हा पण नाही बोललात."

 

"आज खाडा केलाय मी कंपनीत," ती म्हणाली. मग मुलीच्या पाठीकडे हात नेला. "चल. काढ तो नंबर."

मैत्रेयी दोन पावलं मागे सरकली. "नाय आई. मला पळायचंय."

"अगं, खोटं आहे ते सगळं! हसतील लोक!"

"हसू दे ना. पळू दे मला एकदा."

तेवढ्यात पुन्हा पुकारा झाला आणि ती आईच्या हाताखालून निसटून रेघेवर जाऊन उभीसुद्धा राहिली.

शिट्टी वाजली. आणि अहो, काय सुटली ती! पहिली पन्नास-साठ पावलं मैत्रेयी सगळ्यांच्या पुढे होती. हात कसेही उडताहेत, वेणी पाठीवर आपटतेय, तोंड उघडं. टेबलावरचे लोक उठून उभे राहिले. "हीच ती, एक अठ्ठावन्न!" कुणीतरी म्हणालं. सरांना तेवढ्यापुरतं खुळ्यासारखं वाटून गेलं, की कदाचित... कोणी सांगावं...

पहिलं वळण संपलं आणि ती तुटली. किर्ती बाजूनं सहज निघून गेली, मग दुसरी, मग सगळ्याच. मैत्रेयीनं बरगडीखाली हात दाबून धरला. धावणं सुटलं, चालणं आलं. मग पुन्हा चार पावलं धावणं. दुसरी फेरी संपायच्या आधी किर्तीनं तिला आणखी एकदा मागे टाकलं. बाकीच्या सगळ्या पोहोचल्या, तेव्हा हिची अख्खी एक फेरी बाकी होती. कडेला पोरांचं खिदळणं सुरू झालं. पुढच्या गटाच्या मुली रेघेशी येऊन खोळंबल्या.

"सर, थांबवा तिला," बबनराव जवळ येऊन कुजबुजले. "मी टाकतो दोन पन्नासच्या आसपास काहीतरी. पाय मुरगळला म्हणू. कोण विचारतंय? तुमची पण अब्रू राहील, आमचं पण काम होईल."

"टाकायचं नाही," सर एवढ्या मोठ्यानं म्हणाले की कडेची पोरं गप्प झाली. "घड्याळ चालू ठेवा. ती पुरं करेल."

"आणि नाही केलं तर?"

"तर तसं लिहा."

पलीकडच्या बाजूला सरस्वती चुन्याच्या रेघेबाहेरून मुलीच्या बरोबरीनं चालायला लागली होती. तिचा राग अजून गेला नव्हता, चालण्यातच दिसत होता. पण ती म्हणत होती, "नाकानं घे श्वास. नाकानं. घाई नको करू. कुणाची भीती आहे का आपल्याला?" मुलीच्या ओठांवर पांढरं सुकलं होतं. गुडघे एकमेकांवर आपटत होते. हिला काही झालं तर आपण ह्या बाईला तोंड कसं दाखवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. शेवटच्या वळणावर मैत्रेयी थांबली, वाकली, तिला कोरडीच ओकारी आली. मग तोंड पुसून उरलेलं सगळं अंतर धावली.

रेघ ओलांडून ती खालीच बसली. धाप जरा ओसरली. मग तिनं सरांकडे मान वळवली.

"किती?"

"चार मिनिटं अकरा सेकंद."

"खरं ना?"

"खरं."

तिनं मान हलवली आणि आईच्या हातातली बाटली तोंडाला लावली.

बबनरावांनी आकडा लिहिला आणि तक्ता सरांच्या पुढे सरकवला. "शाळेचं टायमिंग एक अठ्ठावन्न आणि इथं चार अकरा. एवढ्या फरकाचं कारण लिहावं लागतं, सर. आजारी होती म्हणून लिहा आणि मोकळे व्हा."

सरांनी पेन घेतलं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'शाळेत ह्या मुलीची किंवा इतर कोणाचीही चाचणी घेतलेली नाही. सर्व आकडे मी मनाने भरले.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही.

"सर, येडे झालात का?" बबनरावांनी तक्ता ओढायला हात पुढे केला. "दोन वर्षं राहिलीत तुमची. विचार करा जरा."

सरस्वतीनं त्यांच्या आधी तक्त्यावर हात ठेवला. ती कधी येऊन उभी राहिली होती ते सरांना कळलंच नव्हतं. प्रत्येक शब्दाखालून बोट फिरवत तिनं सगळं वाचलं. सहीपाशी येऊन बोट थांबलं. सरांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, पण तिथं त्यांच्यासाठी काहीच नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "तारीख राहिली."

सरांनी तारीख घातली.