मोडीतली सही

राजसबाईंची सही चेन्नईच्या एग्मोर स्टेशनाच्या इमारतीपेक्षा जुनी आहे, असं त्या स्वतः सांगत. वयाच्या हिशेबात ते बसत नाही, पण त्यांच्यासमोर बसून त्यांच्या वयाचा हिशेब करणारा अजून जन्मायचा होता. सही मोडीत होती. आजोबांनी शिकवलेली, कागदावर टेकलेलं पेन शेवटापर्यंत न उचलता केलेली. रेल्वेच्या कचेरीत त्यांनी जन्म काढला, आणि त्या सहीला भिऊन बेरजा आपोआप जुळायच्या. एकदा म्हणे त्यांनी चुकून टीपकागदावर सही केली, तर महिन्याभरात टीपकागदाला बढती मिळाली. मी पाहिलं नाही, पण ज्यानं सांगितलं तो टीपकागदाच्या हाताखाली काम करत होता.

आता निवृत्त होऊन त्या एग्मोरच्या एका बोळात स्वतःच्या घरात एकट्या राहत. नवरा नाही, मूल नाही, कर्ज नाही. अशा माणसाचं नाव बँकेत फार चांगलं असतं.

त्यांच्या भावाचा मुलगा रघु. त्याचं नाव बँकेत फार वाईट. गिंडीत एका शेडमध्ये तो लेथ चालवायचा आणि तिथल्या भागीदाराच्या कर्जाला जामीन राहिला होता. भागीदार एका सकाळी कोयंबतूरला मशीनचा सुटा भाग आणायला गेला तो अजून आणतोच आहे. कर्ज रघुच्या गळ्यात पडलं, आणि नाव असं काळं झालं की एटीएमचं दारसुद्धा त्याला बघून आतून कडी घालायचं. बायको कनका इडलीचं पीठ विकायची. रघुपेक्षा जास्त मिळवायची, पण पिठाची पगारपत्रकं निघत नाहीत.

या दोघांची मुलगी हरिप्रिया. हुशार. तिला इंजिनिअरिंगला जागा मिळाली, रुग्णालयातली यंत्रं बनवायच्या शाखेत. महिनाअखेर फी भरली तर जागा तिची, नाही तर यादीतल्या पुढच्या मुलीची.

बँकेत कर्जाच्या टेबलावर नवीन नावाचा गोड चेहऱ्याचा पोरगा होता. त्यानं सगळे कागद पाहिले. "मुलगी छान, कॉलेज छान. कर्ज होईल. फक्त वडील चालणार नाहीत."

"वडील एकच आहेत सार," रघु म्हणाला.

"मग दुसरं कुणी जवळचं आणा. नाव स्वच्छ पाहिजे, नावावर घर पाहिजे. त्यांनी सहकर्जदार म्हणून सह्या केल्या की झालं."

तंजावूरहून आलेली आपली माणसं चेन्नईत इतकी आहेत की लग्नात केळीची पानं पुरत नाहीत. पण सहकर्जदार हा शब्द बाहेर पडला आणि शहर मोकळं झालं. एका काकांचा उजवा हात त्याच संध्याकाळी प्लास्टरमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी कनका डबा घेऊन बघायला गेली तर प्लास्टर डाव्या हाताला होतं. म्हणाले, दुखणं सरकतंय. रघुचा चुलतभाऊ बालाजीराव तिरुपतीला जाऊन डोकं भादरून आला, ओळखू येऊ नये म्हणून. रघुनं तरी ओळखलं, तर म्हणाला, "मी बालाजीराव नव्हे हो. तो चांगला माणूस होता."

राहिल्या राजसबाई. त्यांच्याकडे जायचं म्हणजे कनकाला आधी दोन दिवस ताप आला. पण आश्चर्य असं, की त्या लगेच हो म्हणाल्या.

"करतें की सही. माझ्या भावाची नात ती. पण कायगे हरिप्रिये, जी सही मागायला आलीस ती वाचतां येते का तुला?"

"नाही आजी. मला मोडी येत नाही."

"मग काय मागतेस तें तुला ठाऊक नाही. उद्यापासून ये. वाचतां आली कीं देतें."

हरिप्रिया रोज जाऊ लागली. आधी पाय चेपायचे. मग कापी, म्हणजे कॉफी करायची. पहिली पातळ म्हणून मोरीत, दुसरी गोड म्हणून मोरीत, तिसरी बरोबर झाली तर "आतां इच्छा गेली" म्हणून मोरीत. त्या मोरीतल्या उंदरांना चटक लागली आणि ते दिवसा झोपेनासे झाले. मग मोडी. राजसबाईंनी कचेरीतून शिसवी रूळ घरी आणला होता. अक्षर चुकलं की बोटांच्या पेरांवर. आजोबांनी उतरवून ठेवलेले जुने कागद होते, ते मोठ्यानं वाचायचे. 'व' ला 'ब' म्हटलं की एक, शब्द कुठे तुटतो ते कळलं नाही की दोन. बोटं सुजली तेव्हा कनकानं हळदीचा लेप लावला आणि म्हणाली, "नको ती जागा."

"हवी," हरिप्रिया म्हणाली. "तू लेप लाव."

रघुलाही सूट नव्हती. दर रविवारी त्यानं आत्याच्या ओसरीवर उभं राहून आपण जामीन कसे राहिलो ते सांगायचं. शेजाऱ्यांना बोलावणं असे. "पुन्हा सांग रे त्या कोयंबतूरवाल्याचें. तूं सही केलीस तेव्हां तो काय म्हणाला?"

"'रघु, तू माझा भाऊ' म्हणाला."

"आणि तूं काय म्हणालास?"

"कुठे करू, म्हणालो."

बोळ हसायचा. तिसऱ्या रविवारी लोक घरून खुर्च्या घेऊन आले, आणि एक जण कोपऱ्यावर सुंडल विकायला बसला. त्या हरभऱ्यावर त्यानं पुढे गाडी घेतली म्हणतात.

शेवटी मुदत दारात आली तेव्हा राजसबाई रेशमी लुगडं नेसल्या, पेनात निळी शाई भरली आणि हरिप्रियाला घेऊन ऑटोनं बँकेत गेल्या. रघुला दारातच थांबवलं. "तुला बघून ते माझी सही पण घेणार नाहीत," म्हणाल्या.

नवीननं कागदांचा गठ्ठा पुढे केला. प्रत्येक पानाच्या तळाशी सही हवी. राजसबाईंनी पहिल्या पानावर पेन टेकवलं, सर्रकन ओढलं, एकदाही न उचलता. मग मान वर करून हरिप्रियाकडे पाहिलं.

हरिप्रिया त्यांची पिशवी धरून मागे उभी होती. तिनं वाचलं. 'रघु गाढव.'

दुसऱ्या पानावर, 'सही देत नाही.' तिसऱ्यावर, 'बाप बुडवा.' चौथ्यावर, 'आई पीठवाली.' प्रत्येक पानानंतर राजसबाई थांबत आणि वर बघत. घाई काहीच नव्हती. पोरगी बोलली तर जागा तिथेच गेली, आणि जाणार ती तिच्याच तोंडून. यासाठीच तिला वाचायला शिकवलं होतं.

 हरिप्रियानं पान उलटून दिलं.

नवीन एकेक सही पॅन कार्डावरच्या सहीशी ताडून बघत होता. पॅन कार्डावरची चिमणीच्या पायाएवढी. बँकेतला जुना नमुना कॉम्प्युटरात चढवताना इतका दबला होता की तो सही कमी आणि मेलेला डास जास्त वाटत होता. नवीननं मान तिरकी केली. कार्ड उलटं धरलं, सुलटं धरलं. "अम्मा, काय सुंदर सही," तो म्हणाला. "एकासारखी एक. आमच्या पिढीला नाही जमणार."

शेवटच्या पानावर राजसबाईंनी 'भिकारी' लिहिलं, आणि त्याला छान लांब शेपूट काढलं. नवीननं शिक्का मारला. घर तारण पडलं, कर्ज मंजूर झालं, फी कॉलेजात पोचली. दारात रघु आत्याच्या पाया पडला, अगदी फूटपाथवर.

ऑटोत राजसबाई म्हणाल्या, "वाचलेंस?"

"वाचलं, आजी."

"सगळें?"

"सगळं."

"मग ऐक. मी एक म्हातारी, काय लिहिलें मला काय ठाऊक. पण तूं वाचलेंस आणि गप्प बसलीस. बँकेला कुणी फसवलें? ज्या दिवशी तूं माझ्याकडे यायची नाहीस, त्या दिवशीं मी त्या पोराकडे जाईन आणि एकेक पान वाचून दाखवीन. चार वर्षें शिकायचें ना? चार वर्षें ये."

हरिप्रिया आली. सकाळी कॉलेज, संध्याकाळी एग्मोर. लोकलमध्ये उभ्यानं अभ्यास करायची. आजींचं डोकं विंचरायची, नखं कापायची, कापी मोरीत ओतायला करायची. कॉलेजातल्या मैत्रिणी विचारत, कुठे जातेस ग रोज? ती म्हणायची, फी भरायला. घरी जो येईल त्याला रघु सांगे, "आत्या म्हणजे देव. आणि आमची पोरगी बघा, उपकार विसरली नाही." हरिप्रिया ताटातलं खाली मान घालून संपवायची.

दुसऱ्या वर्षी नवरात्रात राजसबाईंनी कोलू मांडायचं ठरवलं. पायऱ्यांवर बाहुल्या रचायच्या, सकाळपासून. नेमकी त्याच दिवशी हरिप्रियाची परीक्षा.

"आजी, दुपारी येते. पेपर झाला की लगेच."

"बाहुल्या सकाळीं बसतात."

"पेपर चुकला तर वर्ष जाईल."

"जाऊं दे. मी सांगेन तेव्हां तूं शिकायचें, मी सांगेन तेव्हां नाहीं."

हरिप्रिया पेपरला गेली.

राजसबाई दारात उन्हं येईपर्यंत थांबल्या. मग बाहुल्या ट्रंकेतच ठेवल्या, रेशमी लुगडं नेसल्या आणि बँकेत गेल्या. नवीनच्या टेबलापुढे बसून म्हणाल्या, "त्या सह्या माझ्या नव्हत. काढ कागद."

नवीननं कागद काढले. "अम्मा, तुम्ही माझ्यासमोर केल्यात."

"मी सही नाहीं केली. वाच. इथें लिहिलें आहे, रघु गाढव. इथें, सही देत नाही. इथें भिकारी. त्या पोरीला विचार, तिला वाचतां येतें." बोट ठेवून ठेवून त्यांनी सगळं वाचून दाखवलं. आवाज मोठा होता. पेन्शनच्या रांगेतले लोक वळून बघू लागले. एक जण हळूच म्हणाला, वय झालं की असं होतं.

नवीनला घाम फुटला. त्या प्रत्येक पानावर त्याचा शिक्का होता. तपासून घेतलं, असं त्यानं स्वतः लिहिलं होतं. ही लिपी वाचणारं दुसरं कुणी बँकेत नव्हतं, आणि चेन्नईत कुठे शोधायचं त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं हरिप्रियाला फोन लावला. ती पेपर संपवून कॉलेजच्या दारात उभी होती.

"तुला ही लिपी येते ना? अम्मा म्हणतात या सह्या नाहीत. मी फोटो पाठवतो. काय लिहिलंय सांग." आणि फोन स्पीकरवर ठेवला.

फोटो गेले. मग हरिप्रियाचा आवाज आला. शांत, नम्र.

"राजसबाई लिहिलंय, सर."

"सगळ्या पानांवर?"

"सगळ्या पानांवर. आजींना हल्ली स्वतःचंच अक्षर ओळखू येत नाही. आम्ही घरात कुणाला बोललो नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून."

राजसबाई उठून उभ्या राहिल्या. "खोटें बोलते ती. मी शिकवलें तिला, मी. दे पेन. ही बघ माझी सही." आणि त्यांनी नवीनच्या पॅडवर सही केली. खरी, आजोबांनी शिकवलेली, पेन न उचलता. रागात केली तरी सुरेख आली. इतकी सुरेख की टीपकागद असता तर त्यानं उठून सलाम केला असता.

नवीननं ती पॅडवरची सही कर्जाच्या पानांशी ताडली. पहिल्या पानाशी, दुसऱ्या पानाशी. अगदी शेवटच्या पानापर्यंत.

"जुळत नाही, अम्मा," तो म्हणाला. फार वाईट वाटून म्हणाला.

"पॅन कार्डाशीं बघ."

"ते जुनं आहे. हे आमचे कागद आहेत, मी स्वतः तपासलेले." मग त्यानं मॅनेजरला बोलावलं, दोघं आपापसात तमिळमध्ये बोलले, आणि मॅनेजरनं फार आदरानं सांगितलं की यात अम्मांचंच रक्षण आहे, उद्या कुणी येऊन त्यांच्या नावानं काहीही सही करील. अशी त्यांची सही मोडीत निघाली. पेन्शनच्या खात्यावर शेरा पडला: सही बदलते, यापुढे अंगठा घ्यावा, सोबत घरचं माणूस असावं.

घरचं माणूस म्हणून हरिप्रियाचं नाव लिहिलं. रघुचं चाललं नसतं.

त्यानंतर पेन्शनच्या दिवशी हरिप्रियाच त्यांना ऑटोनं बँकेत नेते. पहिल्या खेपेला राजसबाईंनी मूठ आवळून धरली होती. रांग खोळंबली. मागचे लोक च्यक् च्यक् करू लागले.

"आजी, उघडा," हरिप्रिया म्हणाली. "लोक थांबलेत."

"तूं वाचलें होतेंस."

"हो आजी."

"काय लिहिलें होतें तें तुला ठाऊक आहे."

"पाठ आहे. अंगठा द्या."

तिनं एकेक बोट सोडवून मूठ उघडली. अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर टेकवला, डावीकडून उजवीकडे नीट लोळवला. पुसट आला म्हणून नवीननं परत मागितला, तर परत दाबला, पहिल्यापेक्षा जोरात. राजसबाईंचा अंगठा नखापर्यंत निळा झाला.

"आजीचं किती करते ही मुलगी," नवीन शेजारच्या बाईंना म्हणाला, आणि शाई पुसायला एक फडकं पुढे केलं.

हरिप्रियानं ते घेतलं. आपली दोन बोटं निळी झाली होती, ती सावकाश, नखांच्या कडांपर्यंत स्वच्छ पुसली, आणि फडकं घडी घालून नवीनला परत दिलं.