बेचाळीस हजार चिठ्ठ्या

अनिरुद्धराव चार वाजता येणार होते आणि अडीच वाजून गेले तरी माझा लॅपटॉप मैत्रीसाठीचा ‘मेत्ता’ हा एक पाली शब्द शोधत होता.

आठ दिवसांपूर्वी शनिवार पेठेतले हे प्रकाशक आमच्या विश्रांतवाडीच्या घरी येऊन गेले होते. माझा पाली-मराठी कोश, सदतीस वर्षांचे काम, तीन छापील खंडांत काढणे त्यांना शक्य नव्हते. मात्र संगणकावर शब्द चटकन सापडत असेल तर सीडीच्या रूपाने काढू, असे त्यांचे म्हणणे. मी लॅपटॉपला एक शब्द शोधायला दिला. यंत्र शोधू लागले. अनिरुद्धरावांनी चहा घेतला, वर्तमानपत्र अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत वाचले आणि उठता उठता म्हणाले, “तात्याराव, कोश उत्तमच असणार. शब्द सापडला की पत्र टाका.” येत्या गुरुवारी एकदाच आणखी येईन, त्यानंतर नाही, हेही त्यांनी त्याच गोड आवाजात सांगितले.

आज तो गुरुवार होता.

“बाबा, जरा सरका बघू,” शर्मिला म्हणाली. ही माझी सून. हडपसरला एका संगणक कंपनीत काम करते आणि आज तिने माझ्यासाठी रजा घेतली होती. कोणता प्रोग्रॅम किती राबतो आहे याची यादी तिने पडद्यावर आणली. “हे बघा, सगळी ताकद तुमचा अँटिव्हायरस खातोय. दोन तास बंद करू?”

“मुळीच नाही!” मी इतक्या मोठ्याने म्हणालो की माझी पत्नी, आमच्या सुंदराबाई, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने ‘प’ अक्षराचे सगळे शब्द नासवले होते. ते पुन्हा उतरवण्यात एक वर्ष गेले. तेव्हापासून त्या पहारेकऱ्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे; आणि आज तर अनिरुद्धराव स्वतःचा पेन ड्राइव्ह घेऊन यायचे होते.

“बरं, नाही बंद करत. पण हा एवढं तपासतोय तरी काय?” तिने आणखी एक खिडकी उघडली. तीत एक आकडा धावत होता: अकरा हजार, बारा हजार. “अय्या! बाबा, या फोल्डरमध्ये बेचाळीस हजार फायली आहेत?”

“बेचाळीस हजार तीनशे सहा.”

“कशाला?”

“तितके शब्द आहेत.”

“म्हणजे एका शब्दाला एक फाइल?”

“एका चिठ्ठीवर एकच शब्द. माझ्या पालीच्या गुरुजींची शिस्त आहे ती.”

तिने कपाळाला हात लावला आणि ती हसत सुटली. “अहो बाबा, तुम्ही ‘शोध’ म्हटलं की लॅपटॉप एकेक फाइल उघडतो, आणि उघडली रे उघडली की पहारेकरी तिची झडती घेतो. बेचाळीस हजार झडत्या, एका शब्दासाठी! मशीन बिचारं मंद नाहीये. सगळ्या चिठ्ठ्या एका फायलीत घालू. झडती एकदाच.”

वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि मुलाने बुद्धवचन मुळातून वाचावे म्हणून मला आधी संस्कृताच्या व पुढे पालीच्या अध्ययनास घातले. एकदा आळसाने मी एका चिठ्ठीवर दोन शब्द लिहिले, तेव्हा गुरुजींनी ती माझ्याच हातून फाडवली होती. ती शिस्त मी आज मोडायची? पण मग त्यांचीच पोथी डोळ्यांपुढे आली. पाने सारी सुटी, एकही शिवलेले नाही, आणि तरी सगळी मिळून एका लाल रुमालात बांधलेली. गुरुजी ती गाठ दिवसातून एकदाच सोडत.

“बांध,” मी म्हणालो.

शर्मिलाने पंधरा-वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक चिठ्ठीची सीमा खुणेने राखली. तीन वाजता काम सुरू झाले. पहारेकरी प्रत्येक चिठ्ठी अखेरची तपासू लागला. सात हजार. पंधरा हजार. मी पाठांतराला बसल्यासारखा आकडे मोठ्याने म्हणत होतो. साडेतीनला सव्वीस हजारांवर आकडा जणू थिजला.

“पूर्ण तपासणी चालू झाली!” शर्मिला ओरडली. “ही रोज साडेतीनला कुणी लावून ठेवली?”

“मीच. त्या वेळी मी वामकुक्षी करतो.”

“म्हणून हा जागतो! थांबवते, रात्री जेवणाच्या वेळेला लावते.”

आकडा पुन्हा धावू लागला. तीस हजार. छत्तीस. पावणेचारला दाराची घंटा वाजली.

“चार म्हणाला होतात ना हो?” सुंदराबाईंचा आवाज आला.

“रस्ता मोकळा होता, वहिनी. परत जाऊन येऊ का?”

त्यांना चपला काढायला जो वेळ लागला, तेवढ्यात काम पुरे झाले. मी ‘मेत्ता’ लिहिले आणि कळ दाबली.

बोट उचलण्यापूर्वी शब्द आला! अर्थ, व्युत्पत्ती, उदाहरण, सारे.

“सापडला!” मी उभाच राहिलो. पासष्टाव्या वर्षी माणसाने उडी मारू नये, पण ती मारली गेली.

अनिरुद्धरावांनी खिशातून स्वतः लिहून आणलेली यादी काढली. ‘अप्पमाद’. आला. ‘खन्ति’. आला. चौथ्या शब्दाला त्यांनी खुर्ची पुढे ओढून लॅपटॉप आपल्याकडे वळवला. दहाव्या शब्दाला यादी बाजूला पडली आणि ते मनाला येईल ते विचारू लागले. आणलेले वर्तमानपत्र घडीसुद्धा न मोडता पडून होते.

“अहो, मी एक विचारू?” सुंदराबाई म्हणाल्या. “आपल्या पळीला काय म्हणतात त्यात?”

अनिरुद्धरावांनी ‘पळी’ लिहिले. क्षणार्धात उत्तर आले: एकही नोंद नाही.

“कटच्छु!” माझ्या तोंडून निघाले. शील, समाधी, प्रज्ञा यांच्या चिठ्ठ्या करण्यात मी सदतीस वर्षे घालवली होती, आणि भिक्खूच्या पात्रात जिने भात पडला ती पळी राहूनच गेली होती. एखादा शब्द कोशात नाही हे पूर्वी कळायला अख्खी दुपार जाई. आज ते पापणी लवण्यापूर्वी कळले, आणि खेद वाटण्याऐवजी मला आनंदाने हसू फुटले.

अनिरुद्धरावांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

“पळीशिवायचा कोश मी काढणार नाही, तात्याराव. लिहा, मी बसतो. आणि वहिनी, झारा, उलथनं, परात, जे जे आठवेल ते विचारत राहा.”