गाऊन दिलेली हजेरी

मुलांनो, असा एक वर्ग डोळ्यांसमोर आणा, जिथे साधं बोलायला बंदी आहे. पाणी प्यायला जायचं, तर गाऊन विचारायचं. शेजाऱ्याने पेन्सिल पळवली, तर तक्रारही गाऊनच. कर्जतजवळच्या एका गावात, एकोणीसशे चौसष्ट साली, दामूमास्तरांनी सातवीचा वर्ग महिनाभर असा चालवला. हजेरीसुद्धा सुरात. प्रत्येकाने ‘हजर’ची आपली चाल बांधायची. सदूची चाल बैल हाकल्यासारखी होती. सगळे हसायचे, मास्तरही.

मास्तरांचं आयुष्य म्हणजे खडू, पंचवीस वर्षं एकच छत्री आणि एक आठवण. पुण्याला ट्रेनिंगला असताना कोणीतरी परदेशी संगीतिकेची तबकडी लावली होती. त्यात माणसं भांडत होती, जेवण मागत होती, मरत होती, आणि सगळं गाण्यात. एक शब्द न कळता त्यांचे डोळे भरून आले होते. तसं काही या मुलांच्या हातून व्हावं, एवढीच त्यांची हौस.

गोष्ट मुलांनीच रचली. रुसलेली नदी गाव सोडून जाते आणि गाव तिला हाका मारतं. पावसाचा आवाज सुपात भात घोळवून काढला. मास्तरांचं जुनं धोतर शाईच्या वड्या विरघळवून निळं केलं. तो नदीचा पदर. धोतर रंगवलं ते वर्गातल्या आवडी नावाच्या मुलीने, आणि नदीही तीच झाली. तिची आई विठाबाई नदीपलीकडच्या बौद्धवाडीतून संध्याकाळी तिला हाक मारायची. ती हाक उंच चढायची आणि हळूहळू उतरायची. तीच आवडीने आपल्या ‘हजर’ला लावली होती. मास्तरांनी ती चाल नदीला दिली.

खेळासाठी जागा शोधताना मास्तरांनी गावभर टाळ्या वाजवून पाहिल्या. देवळाच्या सभामंडपात आवाज सगळ्यात छान घुमला. त्यांनी तोच ठरवला. आवाजापुढे त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

देवळाचे पंच चांगोशेट, भातगिरणीचे मालक. खेळाच्या आदल्या दिवशी त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं, चहा पाजला. मग म्हणाले, “ती पलीकडची पोरगी मंडपात नको. जाळीभायेर उभी राहून गाऊ दे. आवाजाला कोन अडवतंय? पदर आमची सोनू घेईल, तोंड हलवील.”

खेळ शाळेच्या पटांगणात नेता आला असता. पण पडदे बांधून झाले होते, तालुक्याहून साहेब यायचे होते, आणि पटांगणात आवाज घुमत नव्हता. मास्तर नदी ओलांडून गेले. विठाबाई अंगणात भात पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“देवळात जायचं आमी आपनच सोडलंय, मास्तर,” ती म्हणाली. “त्याचं दुख नाय. पन पोरांचा खेळ तुमी तिथं नेला कशाला?”

तिथे आवाज घुमतो, असं मास्तर म्हणाले. विठाबाई पुन्हा सूप हलवू लागली.

मग त्यांनी आवडीला समजावलं. संगीतिकेत आवाज हेच सगळं असतं, कोण दिसतं याला महत्त्व नाही, असं बरंच काही. तिची नखं अजून निळी होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

“मास्तर, ह्ये गाऊन सांगा ना,” ती म्हणाली.

मास्तरांनी घसा खाकरला. छत्री या हातातून त्या हातात घेतली, आणि निघाले.

रविवारी दुपारी खेळ झाला. जाळीबाहेर, उन्हात उभी राहून आवडी सगळं गायली. एक सूर चुकला नाही. मंडपात तिचा आवाज असा घुमला की साहेबांनी सोनूला जवळ बोलावून पाठ थोपटली आणि गळा गोड आहे म्हणाले. सोनूने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर टाळ्या वाजवत होते.

सोमवारी हजेरी झाली. सदूने बैल हाकला, वर्ग हसला. सोनू हळूच गायली. मग मास्तरांनी आवडीचं नाव घेतलं. वर्ग गप्प झाला. तिच्या चालीसाठी सगळे थांबायचे.

आवडी उभी राहिली. निळी नखं तिने पाठीमागे धरली.

“हजर,” ती म्हणाली. नुसतं म्हणाली, आणि खाली बसली.