वीणाक्काचं पॉलिश

पुण्याहून बेंगळुरूला आलेल्या अवधूतच्या काळ्या गाडीच्या दारावर त्याच्या कुत्र्याने, चिवड्याने, नखांनी रेघोट्या ओढल्या होत्या. शोरूमवाले म्हणाले, अख्खं दार रंगवावं लागेल. म्हणून तो चिवड्याला घेऊन पीण्या या कारखान्यांच्या भागात वीणाक्काच्या गॅरेजवर आला.

वीणाक्काने ओरखड्यांवरून अंगठ्याचं नख आडवं फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही.

"रंग शाबूत आहे. वरचा पारदर्शक थर तेवढा खरवडलाय. चांगल्या रंगावर रंग फासणं मला जमायचं नाही. स्वल्प थांबा."

तिने दार धुतलं, पुसलं आणि दुपारभर ती घासत राहिली. आधी जाडं पॉलिश, मग बारीक.

संध्याकाळी अवधूत वाकून वाकून ओरखडे शोधू लागला. "तसे दिसत नाहीत," तो शेवटी म्हणाला.

ते 'तसे' वीणाक्काला झोंबलं. ती काही बोलणार, तेवढ्यात चिवडा गाडीच्या दारासमोर येऊन थबकला आणि दारात दिसणाऱ्या दुसऱ्या कुत्र्यावर जीव खाऊन भुंकत सुटला. अवधूतने घाईघाईने त्याचा पट्टा मागे ओढला.

"अक्का, ह्याला काय झालं?"

"काही नाही," वीणाक्का हात पुसत म्हणाली. "ह्याला काम बघता येतं."